बाबासाहेबांचे लेकरू रडत नाही, असे कोणी सांगितले?

वर्षावासाचे दिवस होते. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या विहारात या दिवसांत रोज सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. त्या दिवशी वाचन संपले, सरणत्तयं झाले, बायामाणसे घराकडे निघाली. एक बाई मात्र भिंतीला टेकून बसूनच राहिल्या. जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाल्या, "भाऊ, पोट्टा बोलतच नाही. धड जेवत नाही, रात्रभर जागाच राह्यते. काल म्हणे, आई, मी तुमच्यावर ओझं झालो."

हा मुलगा मला चांगला ठाऊक होता. चार वर्षांपूर्वी त्याला पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा वस्तीने त्याचा जाहीर सत्कार केला होता. वडील हमाली करणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. आमच्या दोन गल्ल्यांतला तो पहिलाच इंजिनिअर होणार होता. शाल दिली, बाबासाहेबांचे ग्रंथ दिले, फोटो काढले. माईक माझ्याच हातात होता. "हा पोरगा आता एकट्याचा नाही, सगळ्या समाजाचा आहे," असे मी म्हणालो आणि टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांचा पुढे त्याला किती भार झाला, हे मला चार वर्षांनी कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या घरी गेलो आणि आमच्यासारखे कार्यकर्ते जे करतात तेच मी केले. भाषण केले. "अरे, बाबासाहेबांचं लेकरू ना तू? त्यांनी किती सोसलं! वर्गाबाहेर बसून शिकले, पण कधी हरले का? आणि तू असं तोंड पाडून बसतोस?" अर्धा तास बोललो. त्याने मान खाली घालून सगळे ऐकले, "जयभीम काका" म्हणाला आणि आतल्या खोलीत निघून गेला. मला वाटले, पोराला धीर आला. पुढे बऱ्याच दिवसांनी तो मला म्हणाला, "काका, त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मला वाटलं, मी बाबासाहेबांचंही नाव घालवलं." जीव नकोसा झालेल्या मुलाच्या डोक्यावर मी आणखी एक दगड ठेवला होता. त्याच्या परवानगीने आणि ओळख झाकून हे लिहितो आहे, कारण ही चूक माझ्या एकट्याची नाही. आपल्या चळवळीतल्या अनेकांच्या हातून ती रोज घडते.

आपण लढाऊ समाज आहोत. लढणाऱ्याने रडायचे नसते, मन दुबळे करायचे नसते, अशी एक समजूत आपल्यात पक्की बसली आहे. आपल्या गाण्यांत वाघ आहेत, सिंह आहेत, ढाण्या वाघाची डरकाळी आहे. या गाण्यांनी पिढ्यान्पिढ्या वाकलेल्या पाठी ताठ केल्या, हे मला मान्य आहे. पण रात्री दोन वाजता वसतिगृहाच्या खोलीत एकटा बसलेला मुलगा वाघ नसतो, तो माणूस असतो. बाबासाहेबही माणूस होते. आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो आणि त्यांच्यातल्या माणसाला विसरतो.

१९१७ सालचे बडोदे आठवा. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडनला शिकून आलेले बाबासाहेब करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा कोणी देईना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात येऊन उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा त्यांनी दम दिला. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचणी सांगितल्या. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे, आणि अठरा वर्षांनंतरही तो आठवला की डोळे भरून येतात, अशी कबुलीही दिली आहे. जगातल्या मोठ्या विद्यापीठांत शिकलेल्या त्या माणसाला आपल्या अश्रूंची लाज वाटली नाही. त्यांनी ते छापण्याजोग्या शब्दांत लिहिले. त्या वेळी त्यांच्या मनात जीव देण्याचा विचार होता असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की संकटाच्या घटकेला त्यांनी दोन दारे ठोठावली होती. मदत मागणे हा त्यांना कमीपणा वाटला नाही. दारे उघडली नाहीत, हा दोष दारांचा.

जुलै १९२६ मध्ये त्यांचा लाडका मुलगा राजरत्न गेला. त्याआधीही त्यांनी आणि माता रमाईंनी पोटची लेकरे गमावली होती. त्यानंतर मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी जीवनातली गोडीच गेल्याचे सांगितले आहे. हे पत्र आपल्या किती भाषणांत येते? पुढच्या मार्च महिन्यात महाडला चवदार तळ्यावर उभे राहिलेले बाबासाहेब आपण सांगतो. सात महिन्यांपूर्वी हातात लेखणी घेऊन मित्राजवळ मन मोकळे करणारे बाबासाहेब आपण मुलांना सांगत नाही. दोघे एकच आहेत. मुलांना दोन्ही सांगायला हवेत.

यावर कोणी म्हणेल, हे मनाबिनाचे बोलणे म्हणजे व्यवस्थेला मोकळे सोडणे आहे. मुळीच नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याची फेलोशिप थकली होती, त्याला आणि त्याच्या साथीदारांना वसतिगृहाबाहेर काढले होते, ते उघड्यावर तंबू टाकून राहत होते. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी समाजातली डॉक्टर लेक, छळ होतो म्हणून तिच्या आईने तक्रार केली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. पहिल्याच वर्षाला होता. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते, हे प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ मध्येच सरकारपुढे मांडले होते. रोहितची आई राधिका वेमुला आणि पायलची आई आबेदा तडवी या दोघी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या आपल्या लेकरांपेक्षाही इतरांच्या लेकरांसाठी. या मृत्यूंना आपण 'संस्थात्मक हत्या' म्हणतो. तो शब्द योग्य आहे आणि तो सोडायचे कारण नाही.

परंतु हा शब्द मेलेल्याला न्याय मागण्यासाठी आहे. जो अजून जिवंत आहे, त्याला आपण काय देतो? मोर्चा निघतो, निवेदन जाते, चौकशी समिती बसते. याला महिने लागतात, वर्षे लागतात. ज्याला आजची रात्र काढायची आहे त्याला या सगळ्याचा काय उपयोग? शिवाय जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोटोभोवती निळी चौकट करून, त्याला क्रांतीचा शहीद ठरवून आपण मोबाईलवर फिरवतो. हेतू चांगला असतो, संताप खरा असतो. पण तेच चित्र दुसऱ्या एखाद्या गावातला, तसाच गांजलेला मुलगा पाहत असतो. जिवंतपणी मला कोणी विचारले नाही, मेल्यावर मात्र सगळा समाज माझा होईल, असे त्याला वाटले तर? हा प्रश्न आपण स्वतःला विचारायलाच हवा.

धम्माने याबाबत कमालीची स्पष्ट भूमिका घेतली आहे. विनयातली तिसरी पाराजिका मनुष्यवधाची आहे. भिक्खू-संघातून कायमचा बाद करणारा हा अपराध. पण तो केवळ हत्येपुरता नाही. कोणापाशी मरणाची थोरवी गाणे, "असल्या जगण्यापेक्षा मेलेले बरे" असे सांगून त्याला त्या वाटेला लावणे, हेसुद्धा तथागतांनी याच अपराधात घातले. अडीच हजार वर्षांपूर्वी! मरणाची स्तुती करणारा भिक्खू संघात राहू शकत नव्हता.

थोडे आकड्यांकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ७० हजार ९२४ लोकांनी आत्महत्या केल्या. सर्वाधिक, म्हणजे २२ हजार ७४६, आपल्या महाराष्ट्रात. देशभरात त्यात विद्यार्थी १३ हजारांहून अधिक होते, आणि रोजंदारीवर काम करणारे ४४ हजारांहून अधिक, म्हणजे चौथ्या हिश्श्यापेक्षाही जास्त. या वार्षिक अहवालात वय आहे, शिक्षण आहे, धंदा आहे. जातीचा रकाना नाही. रोजंदारीवर जाणारे हे लोक कोणत्या वस्त्यांत राहतात, हे सांगायला आपल्याला रकान्याची गरजही नाही. विद्यार्थी गेला तर निदान बातमी होते. नाक्यावर कामाची वाट पाहणारा बाप किंवा सासरी कोंडमारा होणारी सून गेली तर "घरगुती कारण" या दोन शब्दांत प्रकरण बंद होते.

आता त्या मुलाकडे परत येतो. माझ्या भाषणानंतर आठवडाभराने त्याची आई पुन्हा आली, या वेळी रडत. तेव्हा मात्र मी एकटा गेलो नाही. आमच्याच वस्तीतली एक ताई सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, तिला सोबत घेतले. वाटेत तिने मला बजावले, "काका, आज तुम्ही बोलायचं नाही." मुकाट्याने एका कोपऱ्यात बसलो. ताईने चहा मागवला, इकडचे-तिकडचे विचारले, आणि मग अगदी सरळ, आवाज न चढवता विचारले, "दादा, जीव द्यावा असा विचार मनात येतो का रे?" माझ्या पोटात गोळा आला. असे कोणी विचारते का? नसलेला विचार त्याच्या डोक्यात घातल्यासारखे नाही का होणार? पण तो रडायला लागला. खूप वेळ रडला. मग म्हणाला, "हो ताई. दोन महिन्यांपासून." दोन महिन्यांत त्याला हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच व्यक्ती होती.

ताईने नंतर मला समजावून सांगितले. सरळ विचारल्याने असा विचार मनात येत नाही; तो आधीच असतो, विचारल्याने त्याला बाहेर पडायला वाट मिळते. आपण विचारत नाही ते त्याच्या भल्यासाठी नव्हे, तर उत्तराची आपल्याला भीती वाटते म्हणून. तिने त्याला उपदेश केला नाही, बाबासाहेब, आईचे कष्ट, समाजाचे ऋण यांतले काही काढले नाही. "हे कोणाला सांगणार नाही" असे वचनही दिले नाही. "तुझा जीव वाचवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगू, बाकी कोणाला नाही," असे म्हणाली. आणि हळूहळू सगळे बाहेर आले. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नव्हते, महाविद्यालय शुल्कासाठी तगादा लावत होते. खोलीतली मुले प्रवेशाच्या वेळचे गुण विचारून हसायची. इंग्रजी जमत नव्हते. तीन विषय राहिले होते. "काका, सगळ्या वस्तीनं टाळ्या वाजवल्या होत्या. तीन विषय राहिले हे मी कोणाला सांगू?" हे तो माझ्याकडे पाहून म्हणाला.

त्या रात्री त्याला एकटे ठेवले नाही. त्याचा मामेभाऊ येऊन त्याच्या खोलीत झोपला. घरात जिवाला धोका होईल असे जे काही होते, ते ताईने आईकडून काढून कुलपात ठेवायला लावले. ती म्हणाली, जीव द्यावासा वाटण्याची तीव्र लाट सहसा कायम टिकत नाही; चढते तशी ओसरतेही. ती ओसरेपर्यंत माणूस एकटा नसावा आणि हाताशी धोक्याचे काही नसावे. एवढ्या साध्या गोष्टीने जीव वाचतात. एका कागदावर त्याच्याच अक्षरात लिहून घेतले: असा विचार दाटून आला तर आधी काय करायचे, कुठे जाऊन बसायचे, कोणाला फोन करायचा. तीन नावे लिहिली. पहिले मामेभावाचे, दुसरे ताईचे. तिसऱ्या जागी त्याने थोडे थांबून माझे नाव लिहिले. मोठमोठ्या सत्कारांत जे मिळाले नाही ते मला त्या कागदावर मिळाले.

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. त्याचे वडील आधी अडून बसले. "वेड्याचा शिक्का बसंल," म्हणाले, आणि दुसरी भीती पोलिसांची. म्हणून कायदा सांगतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार, जीव देण्याचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच मानले जाते. तिच्यावर खटला चालवायचा नसतो. तिला उपचार आणि आधार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. जुन्या भारतीय दंड विधानातले कलम ३०९, ज्याच्या धाकाने घरोघरी अशा गोष्टी लपवल्या गेल्या, ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसेच्या तसे आलेले नाही. सरकारी सेवकाला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते वेगळे कलम तेवढे आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये. आणि शिक्क्याचे म्हणाल तर जन्मतःच कपाळावर शिक्का मारणाऱ्या समाजात आपण जगलो आहोत. डॉक्टरच्या चिठ्ठीला काय भ्यायचे?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, हे त्यांनी आधीच सांगितले. ते न कळल्यामुळे अनेक जण चौथ्या दिवशी गोळ्या बंद करतात. समुपदेशक मात्र पहिल्या खेपेला जमला नाही. त्याने मुलाला विचारले, "झेपत नव्हतं तर तिकडे प्रवेश कशाला घेतलास?" जात हा शब्द न उच्चारता जात कशी बोलते, त्याचा हा नमुना. मुलगा म्हणाला, आता मी जाणार नाही. ताई म्हणाली, समुपदेशक बदलू, उपचार सोडायचे नाहीत. दुसऱ्या समुपदेशक बाईंनी त्याचे सगळे ऐकून घेतले, शिष्यवृत्तीचेसुद्धा. आपल्या समाजातून मानसशास्त्र शिकणारी मुले-मुली अधिक पुढे यायला हवीत, ही गरज मला तिथे बाकावर बसल्या बसल्या जाणवली. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर यांच्यापलीकडे आपले स्वप्न जायला तयारच नाही.

हे वाचणाऱ्यांत एखादा असाही असेल, जो आज स्वतःच त्या काठावर आहे. भावा, बहिणी, तुझ्याशी दोन शब्द. तू दुबळा नाहीस आणि चळवळीशी गद्दारीही करत नाहीस. मन इतके दुखते तेव्हा ते एकच वाट दाखवते. दुखणे कमी झाले की बाकीच्या वाटा पुन्हा दिसू लागतात. सगळे आयुष्य आज सोडवायचे नाही, आजची रात्र काढायची आहे. दारूपासून लांब राहा, ती त्या विचाराला बळ देते. खोलीत एकटा बसू नकोस, बाहेर ये, माणसांत ये. कोणा एकाला फोन कर आणि आडवळणाने नको, स्पष्ट सांग की मनात असे विचार येत आहेत. त्याने भाषण दिले तर, माझ्यासारखे लोक देतात, दुसऱ्याला फोन कर. कोणीच नसेल तर १४४१६ हा क्रमांक लाव. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ लाव किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठ.

थेरीगाथेत सीहा नावाच्या थेरीची गाथा आहे. सात वर्षे तिच्या मनाला क्षणाची शांती नव्हती. ती वाळली, निस्तेज झाली, आणि एके दिवशी जीव संपवण्यासाठी वनात शिरली. त्या टोकावरून ती परतली, तिचे मन मोकळे झाले. हे तिने स्वतः सांगितले आणि संघाने ते लपवले नाही. "आमच्या धम्माची बदनामी होईल" असे कोणी म्हटले नाही. इतर थेरींच्या गाथांबरोबर तिचीही गाथा शतकानुशतके जपली गेली, म्हणून आज ती आपल्या हातात आहे.

आमच्या विहारात आता एक छोटी सुरुवात झाली आहे. रविवारच्या वंदनेनंतर ताई आणि आणखी दोघे जण अर्धा तास बाहेरच्या ओट्यावर बसतात. फलक नाही, उद्घाटन नाही. ज्याला बोलायचे तो बसतो. पहिले तीन रविवार कोणी आले नाही. चौथ्या रविवारी पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ आले, रंगकाम करणारे, मुलीच्या लग्नाच्या कर्जाने पिचलेले. दोन तास बोलले. शिष्यवृत्ती अडकलेल्या मुलांची एक वहीही केली आहे. समाजकल्याण कार्यालयात खेटे मारायला आम्हा निवृत्तांना वेळच वेळ आहे.

त्या मुलाने एक वर्ष मागे पडून दोन विषय काढले, एक अजून बाकी आहे. मधूनच त्याचे वाईट दिवस येतात. कधी रात्री अकराला माझा फोन वाजतो. "काका, झोपले का?" "नाही रे, बोल." मग तो बोलतो आणि मी जमेल तेवढा गप्प राहतो.

या वर्षीही बारावीच्या मुलांचा सत्कार केला. त्याला म्हटले, दोन शब्द बोल. तो नाही म्हणाला, माईक घेतला नाही. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलताना पाहिले तर बाहेर जाणाऱ्या त्या चार मुलांना घेऊन तो विहाराच्या पायरीवर बसला होता आणि त्यांच्या मोबाईलमध्ये आपला नंबर टाकून देत होता.